दोष शोधण्याचे पैसे घ्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या अधिकृत मोटार सर्व्हिस सेंटरांचे वर्क्स मॅनेजर, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आणि त्यांना महिन्याची टार्गेटं ठरवून देणारे कंपन्यांचे अधिकारी यांस,



हे पत्र हेडलाइटच्या रिलेबद्दल आहे. इंचभर लांबी-रुंदीचा काळा ठोकळा, बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा. एवढ्याशा वस्तूपायी जाहीर पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण या ठोकळ्याच्या आजारावर, त्याचं नावही न घेता, आपल्या काउंटरवरून जी एस्टिमेटं बाहेर पडतात ती मी गेली काही वर्षं वाचतो आहे. शेजारीपाजारी, नातेवाईक, जुने विद्यार्थी ती माझ्याकडे आणून दाखवतात. दोन्ही हेडलाइट असेंब्ली बदलाव्या लागतील. पुढचं वायरिंग पूर्ण टाकावं लागेल. कॉम्बिनेशन स्विच गेला असावा. बीसीएम बदलून बघावा लागेल. या सगळ्या ‘लागेल’ आणि ‘असावा’च्या गर्दीत मला एक वाक्य अजून भेटलेलं नाही: अमुक ठिकाणी मीटर लावला, इतके व्होल्ट मिळाले, म्हणून हा भाग खराब आहे.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिल्पनिदेशक होतो. तुमच्यातले काही जण माझ्याच वर्गात बसलेले आहेत. त्यांना ‘अरे’ म्हणायचा हक्क मला आहे, पण पत्र जाहीर आहे, तेव्हा आज सगळ्यांनाच ‘अहो’. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, आपण पैसे जास्त घेता ही माझी तक्रार नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी, धुऊन दिलेली गाडी, या सगळ्याला खर्च येतो हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे दोष शोधणं बंद पडलं आहे. भाग बदलून बघायचा, दिवा लागला तर तोच दोष, नाही लागला तर पुढचा भाग. आणि या प्रत्येक ‘बघू’चं बिल गाडीमालकाच्या नावावर.

ज्यांनी बॉनेट उघडून कधी आत पाहिलं नाही अशा वाचकांसाठी थोडं मागे जातो. आपण जाणकार आहात, तेवढं सोसा. स्टिअरिंगजवळची दांडी फिरवली की तिच्यातून अगदी थोडा करंट जातो, साधारण दीडशे मिलिअँपिअर. तो रिलेच्या कॉईलमधून फिरतो, कॉईलचं चुंबक होतं, चुंबक एक पत्रा ओढतं, दोन पॉइंट एकमेकांना भिडतात आणि बॅटरीचा मोठा करंट दांडीला वळसा घालून थेट दिव्यांकडे जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हटले की नऊ-दहा अँपिअर होतात. एवढा करंट दांडीतल्या नाजूक स्विचमधून फिरवायचा नाही, यासाठी रिले. ज्या जुन्या गाड्यांत तो नव्हता त्यांचे वितळलेले स्विच मी ढिगाने पाहिले आहेत. त्या गाड्यांना बाहेरून रिले बसवून देणं हा एकेकाळी गल्लीबोळातल्या वायरमनचा चांगला चालणारा धंदा होता.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, ८७ मधून दिव्याकडे, ८५ आणि ८६ ही कॉईलची दोन टोकं. पाचवा पाय असला तर तो ८७ए, रिले बंद असताना जोडलेला राहणारा. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आले आणि जगभर रुळले. काही जपानी गाड्यांत १, २, ३, ५ लिहिलेलं असतं, काम तेच. दुसरीच्या मुलाला पाठ होईल एवढा हा कारभार. तरीही हे आकडे न बघता आकारावरून रिले बसवणारे लोक आपल्या शॉप फ्लोअरवर आहेत. त्याच आकाराच्या, त्याच कंपनीच्या दोन रिलेंत ३० आणि ८६ ची जागा अदलाबदल झालेली असू शकते. कॉईलला आतून डायोड लावलेला असेल तर ८५ आणि ८६ उलटे जोडून चालत नाही. डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. झाकणावर ही आकृती छापलेली असते. वाचायला चष्मा लागतो, एवढंच.

आता हा ठोकळा बिघडतो कसा? थंड बल्बची फिलामेंट पेटताना पहिल्या काही मिलिसेकंदांत नेहमीच्या जवळजवळ दहापट करंट ओढते, आणि नेमके त्याच क्षणी पॉइंट भिडत असतात. प्रत्येक वेळी एक बारीक ठिणगी उडते. हजारो वेळा दिवे लावल्यावर पॉइंट काळे पडतात, त्यांना खड्डे पडतात, कधी ते एकमेकांना चिकटून बसतात आणि गाडी बंद केली तरी दिवे जळत राहतात. कॉईलची तार तुटू शकते. आतला डाग, म्हणजे सोल्डर, चिरू शकतो. असा रिले थंड असताना गुणी बाळासारखा वागतो आणि तापला की दगा देतो. आमच्या कोकणात आणखी एक तऱ्हा आहे. खाऱ्या दमट हवेने रिलेच्या सॉकेटमधले पितळी टर्मिनल हिरवे पडतात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा शेकडो गाड्या फ्यूजबॉक्ससकट गाळात बुडाल्या. त्या धुऊन, वाळवून पुन्हा रस्त्यावर आल्या, पण टर्मिनलच्या सांध्यांतला गाळ कोणी काढला? त्या गाड्यांची रडगाणी पुढे कित्येक महिने ऐकू येत होती, आणि प्रत्येक वेळी बदलला जात होता तो दिसणारा भाग.

आता आपल्या मेकॅनिकची तपासणी बघा. तो बॉनेट उघडतो, एकाला आत बसवून स्विच चालू-बंद करायला लावतो आणि रिलेवर बोट ठेवतो. टक् असा आवाज येतो. ‘रिले ओके आहे, साहेब.’ अहो, त्या आवाजातून कळतं ते इतकंच, की कॉईलला करंट मिळाला आणि पत्रा हलला. पॉइंटांतून पुढे काही जातं की नाही, याची त्या आवाजाला काही खबर नसते. काळेठिक्कर पडलेले पॉइंटसुद्धा अगदी खणखणीत टक् करतात. उलट आवाज आला नाही म्हणजे रिले मेला असंही नाही. कॉईलला सप्लाय आहे का, तिच्या दुसऱ्या टोकाला अर्थ, म्हणजे बॅटरीचा मायनस, मिळतो आहे का, हे न बघता नवा रिले बसवला तर तोही गप्पच राहणार. बारा व्होल्टच्या रिलेची कॉईल मीटरवर साधारण पन्नास ते सव्वाशे ओहमच्या मध्ये कुठेतरी दाखवते. हे मोजायला अर्धं मिनिट पुरतं.

दुसरा मेकॅनिक थोडा शिकलेला असतो, तो मीटर आणतो. दिव्याचा कपलर काढतो, तिथे मीटरची टोकं लावतो. १२.६ व्होल्ट! ‘सप्लाय पूर्ण येतोय, म्हणजे असेंब्लीच गेली.’ इथे मी कपाळाला हात लावतो. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण दहा मेगओहम असतो. तो जवळजवळ करंट मागतच नाही. जळक्या पॉइंटवर सुईच्या टोकाएवढी जागा चांगली राहिली असली, वायरचा एकच धागा शिल्लक असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. टाकीच्या नळाला अंगठा लावून दाब बघायचा आणि बादली भरेल असं सांगून मोकळं व्हायचं, तसा हा प्रकार. कपलर जागेवर ठेवा, बल्ब लावा, दिवे चालू करा, आणि मग मागच्या बाजूने टोक घालून मोजा. बल्ब करंट मागायला लागला की ते खोटं व्होल्टेज पडतंच. मीटर जपून ठेवायचा असेल तर हेडलाइटचाच एक जुना बल्ब दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प म्हणून वापरा. तो पेटला तर सप्लाय खरा, मिणमिणला तर कुठेतरी कच्चा कॉन्टॅक्ट. आमच्या वर्कशॉपात असे लॅम्प भिंतीवर टांगलेले असत. आपल्याकडे भिंतीवर ग्राहकसेवेची प्रमाणपत्रं असतात.

एक उदाहरण सांगतो. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, कारण हा रोग एका दुकानापुरता नाही. माझ्या शेजाऱ्यांची मुलगी कराडला नोकरी करते, सुट्टीला घरी येताना कुंभार्ली घाट उतरते. तिच्या गाडीचे दोन्ही डिपर, म्हणजे लो बीम, वीस-पंचवीस मिनिटांनी एकदम जात आणि गाडी थोडा वेळ थांबली की परत येत. अप्पर, म्हणजे हाय बीम, मात्र व्यवस्थित. मग ती बिचारी अप्परवर घाट उतरायची आणि समोरून येणारा ट्रकवाला तिला शिव्या द्यायचा. त्याचंही काही चुकत नव्हतं. सर्व्हिस सेंटरने दोन्ही हेडलाइट असेंब्ली आणि पुढच्या वायरिंगचं एस्टिमेट दिलं. कारण विचारलं तर ‘दोन्ही दिवे जातायत ना मॅडम, म्हणून दोन्ही बदलायला लागतील.’

हे वाक्य ऐकून मला रागापेक्षा वाईट वाटलं. कारण दोन्ही दिवे एकदम जातात, याचाच अर्थ दोष दिव्यांत नाही. दोन वेगळे बल्ब, दोन वेगळे होल्डर, दोन वेगळे कपलर एकाच सेकंदाला आजारी पडून एकाच सेकंदाला बरे होत नसतात. दोघांना सामाईक असेल अशी जागा शोधायची. तिच्या गाडीत डिपरचे फ्यूज डावे-उजवे वेगळे आहेत, तेव्हा फ्यूज बाद. अप्पर त्याच बल्बात, त्याच अर्थवर चालतो, तेव्हा अर्थ बाद. उरतो तो डिपरचा रिले, त्याला येणारी वायर आणि स्विचकडून येणारा हुकूम. अवजाराला हात न लावता, चहाचा कप हातात असताना, इतकं ठरवता येतं. मी वर्गात हे फळ्यावर करून घेत असे. पान्याला हात लावायचा तो नंतर.

मग गाडी अंगणात उभी करून, इंजिन चालू ठेवून डिपर लावले. मीटरचं एक टोक रिलेच्या ३० वर, दुसरं ८७ वर. दिवे चालू असताना या दोन पायांमध्ये व्होल्टेज जवळजवळ दिसूच नये. एक-दोन दशांश व्होल्ट चालतं. सुरुवातीला आकडा बरा होता. जसजसा वेळ गेला तसतसा तो चढत गेला, एकाच्या वर गेला, आणि मग दिवे गेले. तोवर रिलेला हात लावता येत नव्हता. बाहेर काढला तर ८७ चा पाय तांबूस झालेला, सॉकेटचं प्लास्टिक त्या एकाच घरात करपलेलं आणि आतला टर्मिनल तापून सैल पडलेला. इथे थांबून नवा रिले बसवला असता तर सहा महिन्यांत तोही गेला असता. हा टर्मिनल इतका तापला कशाने? बल्ब बाहेर काढून बघितले. कोणा अ‍ॅक्सेसरीवाल्याने ‘उजेड चांगला पडतो’ म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालून दिले होते. कंपनीचे बल्ब ६०/५५ चे. म्हणजे ज्या टर्मिनलमधून नऊ-दहा अँपिअर जायचे तिथून चौदा-पंधरा जात होते. सैल टर्मिनलमध्ये फक्त ०.१ ओहम रोध वाढला तरी दहा अँपिअरला एक व्होल्ट तिथेच गळतो आणि दहा वॅटची उष्णता त्या चिमुकल्या जागेत तयार होते. पंधरा अँपिअरला ती बावीस वॅटच्या पुढे जाते. प्लास्टिक करपलं नसतं तरच नवल.

नवा टर्मिनल, नवा रिले, मूळ वॅटचे बल्ब. काम संपलं.

पण या गोष्टीतला मला सतावणारा भाग वेगळाच आहे. समजा तिने आपलं एस्टिमेट मान्य केलं असतं. नव्या असेंब्ली आल्या असत्या, त्यांच्यासोबत ६०/५५ चे बल्ब आले असते. करंट कमी झाल्यामुळे तो करपलेला टर्मिनल थोडा कमी तापला असता, आणि दिवे काही महिने चालले असते. आपल्या जॉब कार्डावर ‘समस्या दूर झाली’ अशी टीप पडली असती. आपल्या मेकॅनिकला मनापासून वाटलं असतं की असेंब्लीच खराब होती, आणि पुढच्या गाडीला त्याने दुप्पट आत्मविश्वासाने तेच सांगितलं असतं. चुकीच्या दुरुस्तीने दिवा लागतो तेव्हा मेकॅनिक कायमचा बिघडतो. आपल्याकडे ही शाळा रोज भरते आहे, आणि पोरं तिथून जे शिकून बाहेर पडतात ते पुसून काढणं माझ्यासारख्याला जमत नाही.

उजेड कमी पडतो ही तक्रार तर आपण ऐकूनच घेत नाही. ‘जुनी झाली गाडी, एलईडी किट टाकून घ्या.’ हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, त्याहून खूप वेगाने घटतो. बल्बपाशी व्होल्टेज दहा टक्के कमी पोचलं तर प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. सव्वा व्होल्ट कुठे गळतोय हे शोधलं, तर किट न घालता घाट उजळतो. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या पायापर्यंत दिवे चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती नको, अर्थच्या बाजूला एक-दोन दशांशापेक्षा जास्त नको. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी कोंबला की प्रकाश नको तिथे उधळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे आपल्याला ठाऊक आहे, तरीही किट विकलं जातं.

‘काका, आता रिले राहिले कुठे?’ असं एका जुन्या विद्यार्थ्याने मला ऐकवलं. खरं आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधल्या, म्हणजे बीसीएममधल्या, मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून जातो. पॉइंट नाहीत, टक् नाही, शॉर्ट झाला तर तो स्वतःच आउटपुट बंद करतो. तिथे स्कॅनर हवाच. पण स्कॅनरवर आलेला कोड सर्किट सांगतो, भाग सांगत नाही. ‘डावा लो बीम, सर्किट ओपन’ याचा अर्थ बल्ब असेल, कपलर असेल, उंदराने कुरतडलेली वायर असेल, मॉड्यूलही असेल. याच स्कॅनरवर एकेका दिव्याला हुकूम सोडून बघायची सोय असते. दिवा लावण्याचा हुकूम द्यायचा आणि कपलरपाशी लोडवर व्होल्ट मोजायचे. मीटर तोच, डोकं तेच. दिवे बंद होत नाहीत म्हणून रिले चिकटला, असंही लगेच ठरवू नये. काही गाड्यांत स्विचचा संदेश तुटला तर मॉड्यूल सुरक्षेसाठी डिपर आपणहून चालू ठेवतं. रिले असेल तर तो उपटून बघा: दिवे गेले, तर सॉकेटमध्ये कॉईलच्या दोन टोकांना व्होल्टेज येतंय का ते बघा. येत नसेल तर पॉइंट चिकटले. येत असेल तर रिले निर्दोष आहे, गुन्हेगार मागे बसलाय.

आता थोडं आपल्या बाजूने. शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे कोणी देत नाही. कंपनीच्या लेबर चार्टमध्ये असेंब्ली काढून बसवण्याचे तास ठरलेले असतात, त्याचा रेट असतो. डोकं लावून अर्धा तास मीटर धरण्याला तिथे स्वतंत्र ओळच नसते. ज्या मेकॅनिकने दहा मिनिटांत टर्मिनल शोधून दाबला त्याच्या नावावर दिवसअखेर जवळपास काहीच जमा होत नाही, आणि ज्याने वायरिंग बदललं तो महिन्याचा उत्तम कामगार ठरतो. आणि ग्राहक? तो तर ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ म्हणून भांडायला तयार असतो. पाच हजारांचा भाग हातात दिला की तो बिल भरतो, पण पाचशे रुपये शोधण्याचे लावले की त्याला लुटल्यासारखं वाटतं. त्यातलेच काही जण १००/९० चे बल्ब घालून आणतात आणि दोष कंपनीला देतात. हे पत्र वाचणाऱ्या गाडीमालकांनी इथे मान खाली घालावी.

म्हणून माझी पहिली आणि मोठी विनंती: शोधण्याचे पैसे उघडपणे घ्या. बिलावर ‘विद्युत दोष तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ असू द्या, तासाचा दर काउंटरवर लावा, आणि त्या ओळीखाली काय मोजलं ते लिहून द्या. कुठे मोजलं, लोडवर मोजलं की नाही, आकडा किती आला. तीन ओळी पुरतात. दोष सापडल्यावर काम आपल्याकडेच केलं तर त्यातले काही पैसे वजा करा किंवा करू नका, तो आपला धंदा. पण अंदाजाचं बिल बंद करा. बदललेल्या भागाने दोष गेला नाही, तर तो भाग परत काढून घ्यायची आणि त्याचे पैसे सोडून देण्याची तयारी ठेवा. अंदाज आपला, तर किंमतही आपलीच. पहिल्या महिन्यातच आपल्या लोकांना मीटर कुठे ठेवलाय ते आठवेल.

जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या, हे मी मागायलाच नको. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी मागितल्यावर ‘वॉरंटीत परत गेला’ म्हणतात. रिले असेल तर झाकण उघडून पॉइंट दाखवा. काळा पडलेला पॉइंट डोळ्यांनी बघितला की पुढच्या वेळी तपासणीचे पैसे मागायला तोंड उघडावं लागणार नाही.

कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना माझं वेगळं गाऱ्हाणं आहे. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा वाचता येईल एवढा छापा, आणि मराठीतही छापा. गाडी महाराष्ट्रात विकताच ना? दोन्ही डिपर एकाच रिलेवर टाकायची काटकसर सोडा. फ्यूज डावे-उजवे वेगळे देता, मग रिले का नाही? एक ठोकळा गेला की घाटात पूर्ण अंधार, ही रचना एखाद्या शिकाऊ पोराने वर्गात काढली असती तरी मी तिला गुण दिले नसते. आणि रिले फ्यूजबॉक्सच्या पाटीवर डाग देऊन बसवणं थांबवा. दोन-तीनशे रुपयांच्या भागासाठी काही हजारांचा बॉक्स बदलायला लावणं याला मी तंत्रज्ञान म्हणत नाही.

वायरिंगच्या आकृत्याही खुल्या करा. गल्लीतला वायरमन आकृतीशिवाय वायर सोलून शोध घेतो आणि मग आपणच ‘बाहेरच्या कामाने वॉरंटी गेली’ म्हणता. हे काही माझं खासगी मत नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता, तो याच कारणाने: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून ही माहिती खुली करायला लावली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात मोटार क्षेत्रही आहे. तिथे नुसते हेल्पलाइनचे नंबर टाकून भागत नाही. डिपरच्या सर्किटची एक पानाची आकृती टाका, तेवढ्याने कंपनीचं गुपित फुटत नाही.

आणखी एक. ‘पार्ट यायला चार दिवस लागतील, तोवर गाडी वापरा’ हे वाक्य काउंटरवरून काढून टाका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावायला सांगतो. डिपर गेलेली गाडी आपण रात्रीच्या रस्त्यावर पाठवता आहात. हॉर्नचा आणि डिपरचा रिले त्याच नंबरचा, त्याच पायांचा असतो अशा कितीतरी गाड्या आहेत. आकडे ताडून, फक्त तपासणीसाठी, दोघांची अदलाबदल केली तरी रोग कुठे आहे ते कळतं. दिवे लागले तर नवा रिले येईपर्यंत गाडी हलवू नका, आणि आपल्या स्टोअरमध्ये चार रिले ठेवा. परफ्यूमच्या बाटल्या ठेवायला जागा असते, तिथे तेही मावतील.

शेवटी शिकाऊ उमेदवारांविषयी. आयटीआयतून येणाऱ्या पोरांना आपण पहिलं वर्ष गाड्या धुवायला आणि ऑइल बदलायला लावता. दुसऱ्या वर्षी ती असेंब्ली बदलणारी होतात. ओहमचा नियम त्यांना येतो, मी स्वतः घोकून घेतलाय, पण दिवे चालू ठेवून ३० आणि ८७ मध्ये मीटर धरायची वेळ त्यांच्यावर कधी येतच नाही. चिपळुणात माझ्या पडवीत एक लाकडी बोर्ड उभा आहे: स्विच, दोन रिले, दोन बल्ब, एक सैल टर्मिनल आणि मुद्दाम जाळलेले पॉइंट. दोष रोज बदलता येतो. आपली दोन-चार पोरं एखाद्या शनिवारी पाठवा. फी नाही, जेवण आमच्याकडे. फक्त येताना चार्ज केलेली बॅटरी आणायला सांगा, माझी आता लोड घेत नाही.



आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, मोटार मेकॅनिक ट्रेड
चिपळूण